गोठ्यात पहिली गाय आणताना : निगा, वेदना आणि नवे औषधोपचार

दूधधंद्यात नव्याने उतरणारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो दुधाचा, आणि दुसरा किमतीचा. पशुवैद्यक किती अंतरावर आहे हा प्रश्न सहसा शेवटी येतो. आणि जनावराला दिवसातून किती तास निवांत बसता येईल, हे तर बहुधा कोणी विचारतच नाही. गेल्या अनेक वर्षांत मी जे गोठे भरभराटीला येताना किंवा मोडताना पाहिले, त्यांचे भवितव्य या शेवटच्या दोन प्रश्नांनीच ठरवलेले दिसले. म्हणून एक ते पाच दुभती जनावरे पाळू इच्छिणाऱ्या, घरात यापूर्वी जनावर नसलेल्या वाचकासाठी हा लेख पायरीपायरीने लिहीत आहे. उदाहरणे मुख्यतः संकरित गायीची असली तरी मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हैस पाळणाऱ्यालाही त्यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतील.

पशुवैद्यकशास्त्र आज फार पुढे गेले आहे. गाभण राहिल्यानंतर साधारण महिनाभरात सोनोग्राफीने गर्भ दिसतो, कालवडच जन्मावी यासाठी वेगळी केलेली रेतमात्रा तालुक्याच्या गावी मिळते, आणि एकेकाळी गावेच्या गावे रिकामी करणाऱ्या साथींवर लसी आहेत. परंतु यांतली प्रत्येक सोय पाळणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. आजारी जनावर सकाळी लक्षात आले तर औषध चालते. तेच संध्याकाळी लक्षात आले तर पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते.

प्राणिकल्याणाचे जे पाच निकष आज जगभर मानले जातात, त्यांचा उगम ब्रिटनमध्ये 1965 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रॅम्बेल समितीच्या अहवालात आहे. भूक-तहान नसावी, राहण्याची जागा सुखाची असावी, वेदना व रोग नसावेत, स्वाभाविक वागण्याची मोकळीक असावी, आणि भय व ताण नसावा, असे ते पाच निकष. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 च्या बैलांच्या शर्यती व जल्लिकट्टूविषयीच्या निकालात त्यांचा आधार घेतला होता. पुढील पायऱ्या वाचताना ते मनाशी ठेवावेत, कारण दूध आणि आरोग्य दोन्ही त्यांच्याच पोटात आहेत.

पहिली पायरी : जनावराआधी जागा

गाय दिवसाकाठी 10 ते 12 तास बसून काढते आणि त्यातला बराच वेळ रवंथ करते. ती बसते तेव्हा कासेकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि खुरांवरचा भार उतरतो. कोब्याची ओली, खडबडीत जमीन असलेल्या गोठ्यात गाय बसायला कचरते, उभी राहून थकते, आणि काही महिन्यांत लंगडू लागते. जागा योग्य आहे की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे : गाय जिथे बसणार तिथे आपण स्वतः दोन्ही गुडघे टेकावेत आणि मिनिटभर तसेच राहावे. गुडघे ओले झाले किंवा दुखू लागले, तर तिथे रबर मॅट, कोरडा पेंढा किंवा मातीचा भुसभुशीत थर हवा.

भारतीय मानकांनुसार एका गायीला छताखाली सुमारे 3.5 चौरस मीटर आणि उघड्यावर 7 चौरस मीटर जागा लागते. म्हशीला अनुक्रमे 4 आणि 8. आपल्याकडे रुजलेला मुक्त संचार गोठा हा या हिशोबाचाच व्यवहारातला अवतार आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने शक्य असेल तर तोच बांधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात गाय हवी तेव्हा पाण्यावर जाते, अंग घासते, ऊन-सावली निवडते, आणि माजावर आली की दुसऱ्या जनावरावर उडताना दिसते, त्यामुळे रेतनाची वेळ चुकत नाही. बांधून ठेवणे अपरिहार्यच असेल तर दावे इतके लांब असावे की जनावराला मान वळवून स्वतःचे अंग चाटता येईल. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवते, हे फार थोड्या पशुपालकांना ठाऊक असते.

पाणी चोवीस तास समोर असावे. दुभती गाय दिवसाला 60 ते 80 लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून अधिक पाणी पिते. दोन वेळा बादली दाखवून ती तहान भागत नाही. उन्हाळ्यात गायीच्या कुशीची हालचाल मोजावी. श्वास मिनिटाला 60 च्या पुढे गेले, तर तिला उष्णतेचा ताण आहे असे समजावे. कोरड्या हवेच्या भागात फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार उडवणारी यंत्रे, उपयोगी पडतात, परंतु कोकणासारख्या दमट हवेत नुसत्या फॉगरने गोठा अधिकच कोंदतो. तिथे अंगावर पाणी मारून लगेच पंख्याचा झोत द्यावा लागतो. छतावर उसाचे पाचट अंथरणे ही जुनी युक्ती आजही कुठल्याही यंत्राइतकीच विश्वासाची आहे.

दुसरी पायरी : खरेदी आणि तीन आठवड्यांचे विलगीकरण

खरेदीविषयी थोडक्यात सांगतो, कारण यावर सल्ला देणारे गावोगाव आहेत. सलग तीन वेळचे दूध आपल्यासमोर काढून घ्यावे, चारही सड स्वतः पिळून पाहावेत, गाय कडक जमिनीवर चालवून पाहावी, आणि कानातील 12 अंकी बिल्ल्याचा क्रमांक पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून लसीकरणाची नोंद तपासावी. व्यवहार पुरा होण्याआधी ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्यावे. या रोगाने गायीचा गर्भ शेवटच्या तिमाहीत पडतो आणि तो माणसालाही होतो. दीर्घकाळ येणारा ताप व सांधेदुखी या रूपाने तो घरात शिरतो.

नवे जनावर घरच्या जनावरांपासून किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे. त्याची बादली, गव्हाण आणि खराटा वेगळा असावा आणि त्याचे काम शेवटी करावे. याच काळात कानाची आतली बाजू, शेपटीखालची जागा आणि कासेच्या घड्या तपासून गोचीड काढावेत. संकरित गायीला गोचिडांमुळे होणारा थायलेरिया हा जीवघेणा ताप आहे. बुपार्वाक्वोन या औषधामुळे आज तो बरा होऊ शकतो, पण औषध लवकर मिळाले तरच. गायीच्या पाठीवर औषध फवारून भिंतीच्या भेगा तशाच सोडल्या तर गोचीड आठवड्यात परत येतात, कारण मादी अंडी घालते ती भिंतीत आणि जमिनीच्या फटीत, जनावराच्या अंगावर नव्हे.

तिसरी पायरी : लसीकरण

लसीने काय साधते हे पाहायचे असेल तर बुळकांडीचा इतिहास पाहावा. या रोगाने आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या दावणी ओस पाडल्या. त्याच्याशी झुंजण्यासाठी 1889 मध्ये पुण्यात एक शाही जीवाणुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे हिमालयात मुक्तेश्वरला हलली आणि आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. लसीकरण आणि सर्वेक्षण अनेक दशके चिकाटीने चालले, आणि 2011 मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग आहे. आज ज्यांच्या गोठ्यात पहिली गाय येते, त्यांनी बुळकांडी हा शब्द कदाचित फक्त शिवीतच ऐकला असेल.

आपल्या गोठ्यापुरते वेळापत्रक असे. लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी द्यावी. राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत मिळते. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी द्याव्यात, कारण पहिल्या पावसानंतर ओल्या चिखलात या रोगांचे जंतू डोके वर काढतात. लम्पी त्वचा रोग भारतात 2019 मध्ये ओडिशात पहिल्यांदा नोंदला गेला आणि 2022 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याने थैमान घातले. त्या वर्षी शेळ्यांच्या देवीची लस गायींना देऊन साथ आवरावी लागली. त्याच वर्षी हिसार आणि इज्जतनगर येथील संस्थांनी लम्पी-प्रोव्हॅक-इंड ही खास गायींसाठीची लस विकसित केल्याचे जाहीर झाले. थायलेरियावरही लस आहे. गोचिडांचा भाग असेल आणि गाय संकरित असेल तर तिच्याविषयी आपल्या पशुवैद्यकाला विचारावे.

लसीच्या बाबतीत तीन चुका वारंवार होतात. पहिली, शीतसाखळी तुटणे : लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, म्हणून खिशातून आणलेली कुपी घेऊ नये. दुसरी, आजारी किंवा अशक्त जनावराला लस टोचणे. तिसरी, जंतनाशक न देता लसीकरण करणे. पोटात जंत असलेल्या जनावराची प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही, म्हणून साधारण दोन आठवडे आधी जंतनाशक द्यावे. लसीनंतर एखाद-दोन दिवस दूध कमी होते आणि टोचलेल्या जागी गाठ येऊ शकते. या कारणासाठी लस टाळणारे शेजारी भेटतील. त्यांचे ऐकू नये.

चौथी पायरी : रोजची दहा मिनिटे

या लेखातील एकच पायरी पाळायची असेल, तर ही पाळावी. सकाळी खराटा हातात घेण्यापूर्वी गोठ्याच्या दारात स्वस्थ उभे राहावे. आपण आत गेलो की जनावर सावध होते आणि आजार लपवते. गाय हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे, आणि कळपात दुबळे दिसणे तिच्या जातीला परवडणारे नव्हते. म्हणून लांबून पाहावे. कोण उठले, कोण बसून राहिले, कोणाचे कान पडलेले आहेत, कोणाची पाठ कमानीसारखी वर आली आहे, कोण गव्हाणीकडे न येता भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

मग जवळ जावे. नाकपुडी ओलसर असावी. रवंथ करणारी गाय एक घास साधारण 40 ते 60 वेळा चावते. मोजून पाहावे, आणि आपल्या गायीची नेहमीची संख्या ठाऊक करून घ्यावी. डाव्या कुशीत, शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात मूठ दाबून दोन मिनिटे ठेवावी. निरोगी पोट त्या वेळात साधारण तीन वेळा मुठीला हळूच बाहेर ढकलते. ही हालचाल थांबली असेल तर पोट बंद पडले आहे. तीच कुस फुगून ढोलासारखी वाजत असेल तर पोटफुगी आहे, आणि तिला एक तासही दवडणे धोक्याचे असते. शेण पाहावे : पडताना थापीसारखे पडून मधे किंचित खोलगट राहिले तर ठीक, पातळ, फेसाळ किंवा गोळ्यांसारखे असले तर चारा बदलला का हे आठवावे. लग्नघरचे उरलेले अन्न, शिळ्या पोळ्या, भाताचे पातेले, हे प्रेमाने घातलेले पदार्थ पोटातील आम्लता एका रात्रीत इतकी वाढवतात की गाय दगावू शकते.

डिजिटल थर्मामीटर गोठ्यातच असावा आणि त्याला दोरा बांधलेला असावा. गायीचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. ते त्याहून वाढले तर संसर्ग, आणि व्यायलेल्या गायीत ते उतरले तर त्याहून घातक काही असू शकते. हल्ली गळ्यात बांधायचे पट्टे मिळतात, ते रवंथाची मिनिटे आणि हालचाल मोजून मोबाइलवर इशारा देतात. पन्नास गायींच्या गोठ्यात त्यांचा उपयोग मोठा आहे. दोन गायींच्या मालकाला मात्र दहा रुपयांची वही पुरते, अट इतकीच की तीत रोज लिहिले पाहिजे : तारीख, दोन वेळचे दूध, तापमान घेतले असेल तर ते, माज, रेतन, दिलेले औषध.

त्या वहीमुळे पशुवैद्यकाला केलेला फोनही बदलतो. “गाय आजारी आहे, लवकर या” एवढे सांगण्याऐवजी आपण सांगू शकतो की गाय आठ दिवसांपूर्वी व्यायली, कालपासून दूध निम्म्यावर आले, आज तापमान 104 आहे, डावे मागचे सड गरम आहे. इतके कळले की डॉक्टर योग्य औषध बरोबर घेऊनच निघतो. जवळचा सरकारी दवाखाना, तिथले पशुधन विकास अधिकारी आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा 1962 हा क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. शस्त्रक्रियेची वेळ आली तर मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर आणि अकोला येथील पशुवैद्यकीय संस्थांचा आधार घेता येतो. गायीच्या पोटातून प्लॅस्टिक आणि तारा काढण्याची शस्त्रक्रिया तिथे नित्याची झाली आहे, ही शास्त्राची प्रगती असली तरी आपल्या सर्वांसाठी लाजिरवाणी गोष्ट आहे.

पाचवी पायरी : पान्हा आणि कास

गाय दूध देते ते तिच्या मनाने. सडांना स्पर्श झाला, वासरू दिसले, बादलीचा ओळखीचा आवाज आला, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात येते आणि कासेतले दूध खाली उतरते. त्यालाच आपण पान्हा म्हणतो. तो काही मिनिटेच टिकतो, म्हणून दूध सहा-सात मिनिटांत काढून झाले पाहिजे. गाय घाबरली, तिला मार बसला, कुत्रे भुंकले, तर भयाचे संप्रेरक ऑक्सिटोसिनचे काम अडवते आणि गाय पान्हा चोरते. तिच्यावर चिडून उपयोग नाही. ती मुद्दाम काही करत नाही.

यावर काही ठिकाणी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन रोज टोचण्याची वाईट सवय आहे. नवख्या माणसाला ही युक्ती कोणीतरी नक्की सुचवील. ती स्वीकारू नये. रोज सुई घेणारे जनावर हळूहळू तिच्याशिवाय पान्हाच सोडत नाही, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्यास अपायकारक असे काहीही टोचणे वर सांगितलेल्या 1960 च्या कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. वेळ ठरलेली, माणूस ठरलेला, समोर थोडा खुराक, आणि आवाज हळू, एवढ्याने बहुतेक गायी आठवडाभरात स्थिरावतात.

दूध काढण्याची रीतही वेदनेचा प्रश्न आहे. अंगठा दुमडून सड पिळल्याने आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. पूर्ण मुठीने काढावे. हात आणि सड धुऊन कोरडे करावेत, आणि पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर किंवा काळ्या वाटीत घेऊन पाहाव्यात. त्यात कण, गुठळ्या किंवा पाणचटपणा दिसला तर कासदाह सुरू झाला आहे. दूध काढून होताच चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकावी, कारण सडाचे तोंड पूर्ण मिटायला अर्धा तास लागतो. खायला असले की गाय तेवढा वेळ उभी राहते आणि उघड्या सडांनी शेणात बसत नाही.

कासदाहाचा खरा तोटा होतो तो न दिसणाऱ्या प्रकारात. दूध डोळ्यांना चांगले दिसते, कास मऊ असते, पण दूध मात्र रोज थोडेथोडे घटत असते. त्यासाठी सी.एम.टी. (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) ही चाचणी आहे. चार खणांच्या पांढऱ्या तबकडीत चार सडांचे दूध वेगवेगळे घ्यावे, तितकेच द्रावण घालावे आणि तबकडी दहा-पंधरा सेकंद गोल फिरवावी. निरोगी सडाचे दूध पाण्यासारखे हलत राहते. दुखऱ्या सडाचे दूध अंड्याच्या पांढऱ्यासारखे दाट होऊन तबकडीला लोंबते. दर पंधरवड्याला ही चाचणी करणारा गोठा पुढचे कितीतरी प्रतिजैविकांचे डोस वाचवतो.

चाचणीत दोष आढळला की सडात भरायची ट्यूब दुकानातून आणून स्वतः भरणे हा सर्रास प्रकार आहे. त्याआधी दुधाचा नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन कोणत्या जंतूवर कोणते औषध चालते याची तपासणी करून घ्यावी. अंदाजाने दिलेली आणि अर्धवट सोडलेली प्रतिजैविके जंतूंना औषध पचवायला शिकवतात, आणि मग तीच औषधे माणसाच्या दवाखान्यातही निकामी होतात. हाच धोका ओळखून भारताने 2019 मध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यावर बंदी घातली. सौम्य कासदाहात कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवते. तो पशुवैद्यकाला सांगून जरूर वापरावा, मात्र ताप असेल किंवा कास दगडासारखी झाली असेल तर लेपावर विसंबू नये.

प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस विकू नये हे छापलेले असते. ते दिवस वहीत लिहावेत आणि गायीच्या पुढच्या पायाला लाल फीत बांधावी, म्हणजे घरातील दुसऱ्या कोणी दूध काढले तरी ते डेअरीच्या कॅनमध्ये जाणार नाही.

सहावी पायरी : वेदना ओळखणे आणि थांबवणे

जनावराला दुखते, हे सांगावे लागू नये. पण जुन्या सवयी पाहता ते सांगावे लागते. शिंगे जाळणे, खच्चीकरण करणे, खुरातील गळू फोडणे, ही कामे कित्येक गावांत आजही चार माणसांनी गाय दाबून धरून होतात. पशुवैद्यक शिंगाच्या मज्जातंतूजवळ लिग्नोकेन टोचून तो भाग बधिर करतो आणि मग काम करतो. वासरू काही आठवड्यांचे असतानाच, शिंगाचे बोंड कवटीला घट्ट जोडले जाण्याआधी, हे बधिर करून करून घ्यावे. बधिर करण्याचा खर्च किरकोळ आहे. तो वाचवणे मला अक्षम्य वाटते.

वेदनेची खूण गायीत आवाजाने कळत नाही. दात खाणे, कान मागे पडणे, पापण्या अर्ध्या मिटणे, एका पायावरचा भार सतत बदलणे, ही तिची भाषा. लंगडणाऱ्या गायीची खुरसाळणी वेळेवर करावी. वर्षातून दोनदा खूर साळले तर बरेचसे लंगडणे टळते.

वेदनाशामकांच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक नव्या पशुपालकाने पाठ करावी. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेले जनावर मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात. गिधाडांच्या तीन प्रजातींची भारतातील संख्या याच कारणाने 90 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक यांवर, आणि त्यानंतर निमेसुलाइडवरही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे सिद्ध झाले आहे आणि गायीच्या वेदनेवरही ते चांगले काम करते. माणसांच्या औषधाच्या दुकानातून कुपी आणून जनावराला टोचू नये. नाशिक, रायगड आणि गडचिरोलीत जी थोडी गिधाडे उरली आहेत, त्यांचा जीव आपल्या गोठ्यातल्या सुईवर अवलंबून आहे.

सातवी पायरी : वेत

विण्याच्या सुमारे 60 दिवस आधी गाय आटवावी, म्हणजे तिचे दूध काढणे बंद करावे. आटवताना सडांत भरण्याची दीर्घकाळ टिकणारी औषधे आणि सडाचे तोंड बंद करणारी ट्यूब ही अलीकडच्या काळातली मोठी सोय आहे. ती पशुवैद्यकाकडूनच भरून घ्यावी. विण्याची जागा वेगळी, कोरडी आणि भरपूर पेंढ्याची असावी. पाणमोट फुटल्यानंतर तासाभरात प्रगती दिसली नाही, किंवा एकच पाय बाहेर आला, तर ओढाओढ न करता फोन करावा.

व्यायल्यानंतरचे तीन दिवस सर्वांत जोखमीचे. चीक आणि दुधात कॅल्शियम एकदम निघून जाते आणि रक्तातली पातळी घसरते. यालाच दुग्धज्वर म्हणतात, जरी त्यात ताप मुळीच नसतो. पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाचे वाढे हाच मुख्य चारा होतो, आणि वाढ्यातील ऑक्झलेट चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे हा धोका अधिक वाढतो. वाढे घालायचेच असतील तर त्यांबरोबर लसूणघास किंवा इतर द्विदल वैरण आणि खनिज मिश्रण असावे, हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे.

जानेवारीतल्या एका पहाटे शेजारच्या गोठ्यात मी हा आजार पहिल्यांदा जवळून पाहिला. तिसऱ्या वेताची काळी-पांढरी गाय, आदल्या दुपारी व्यायलेली. ती बसलेली होती, मान कुशीकडे वळवून ठेवलेली, कान बर्फासारखे गार, डोळे कोरडे. घरच्यांनी बाटलीने काढा पाजायला सुरुवात केली होती. डॉक्टरांनी आल्या आल्या ती बाटली काढून घेतली, कारण अशा गायीची गिळण्याची शक्ती मंदावलेली असते आणि पाजलेले औषध फुप्फुसांत जाते. मग त्यांनी कॅल्शियमची बाटली कोमट पाण्यात धरून अंगाइतकी गरम केली, मानेच्या शिरेत सुई लावली, आणि दुसऱ्या हातातील स्टेथोस्कोप गायीच्या हृदयावर ठेवून थेंबाथेंबाने ती आत जाऊ दिली. कॅल्शियम घाईने गेले तर हृदय थांबते. अर्धी बाटली गेली तशी गायीच्या खांद्याचे स्नायू थरथरू लागले. मग तिने ढेकर दिली, शेण टाकले, नाकपुडीवर दवासारखे थेंब आले. तासाभरात ती पुढचे गुडघे टेकून, एक झोका घेऊन उभी राहिली आणि वासराकडे वळली. घरातल्या आजीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तशाच बराच वेळ उभ्या राहिल्या.

हा उपचार तज्ज्ञाच्या हातूनच व्हावा. आपले काम एवढेच की गाय व्यायल्यानंतर रात्री दोनदा उठून तिला पाहावे, कान हाताळावेत, पहिल्या दिवशी कास पूर्ण रिकामी करू नये, आणि बसून राहिलेली गाय दर तीन-चार तासांनी कुशीवर पालटावी, कारण एकाच अंगावर पडून राहिल्यास तिचे पाय कायमचे अधू होतात. गर्भ मध्येच पडला असेल तर तो किंवा वार (गर्भाभोवतीचे, त्याच्यामागून बाहेर पडणारे आवरण) उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालावेत, चुना टाकून खोल पुरावे, आणि पशुवैद्यकाला कळवावे.

आठवी पायरी : वासरू

वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, ही समजूत अजूनही अनेक घरांत आहे, आणि तिच्यापायी दर वर्षी वासरे मरतात. गायीच्या गर्भाशयातून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराकडे जात नाहीत. ती त्याला फक्त चिकातून मिळतात, आणि वासराचे आतडे ती शोषू शकते ते जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत, त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे. वार पडायला आठ-दहा तास लागले तर तितका काळ वासरू जंतूंसमोर नि:शस्त्र राहते. म्हणून तास-दोन तासांच्या आत पहिला चीक पाजावा, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक त्याच्या पोटात जावा. वासराने चोखल्यामुळे गायीला पान्हा येतो आणि त्याच संप्रेरकाने गर्भाशय आकुंचन पावून वार पडायलाही मदत होते.

नाळ पोटापासून दोन बोटे अंतरावर निर्जंतुक दोऱ्याने बांधून कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी; पुढचे तीन दिवस हे पुन्हा करावे. रेडकाला साधारण दहाव्या दिवसापासून जंतनाशकाची गरज असते, कारण म्हशीच्या चिकातून आणि दुधातूनच गोलकृमी त्याच्या पोटात जातात.

नर वासरांविषयी नव्या पशुपालकाने आधीच मनाशी काही ठरवावे. ट्रॅक्टर आल्यापासून संकरित गोऱ्ह्याला आणि रेड्याला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून कित्येक गोठ्यांत त्याला चीकही न देता मरू दिले जाते. कायदा बाजूला ठेवला तरी, आपण ज्या आईचे दूध विकतो तिच्या पिल्लाला उपाशी ठेवणे मला कधीही योग्य वाटले नाही. यावर शास्त्राने दिलेला मार्ग म्हणजे लिंगनिश्चित रेतमात्रा. तिच्यामुळे साधारण 90 टक्के कालवडी जन्मतात. पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गायीला ती वापरावी, गाय माजावर आल्याची वेळ अचूक टिपावी, आणि तरीही नर जन्मला तर त्याला कालवडीइतकाच चीक पाजावा.

वासरू चार महिन्यांचे झाले की त्याला लाळ्या-खुरकूतची पहिली लस आणि महिन्याने बूस्टर द्यावा. कालवड असेल तर चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदाच द्यावी. नराला आणि गाभण जनावराला ती देत नाहीत, आणि ती टोचताना पशुवैद्यकानेही हातमोजे घालणे आवश्यक असते, कारण तिच्यात जिवंत जंतू असतात. त्याच दिवशी कानात 12 अंकी बिल्ला मारून घ्यावा, जखमेवर दोन दिवस हळद किंवा जंतुनाशक लावावे, आणि तो क्रमांक वहीत तिच्या आईच्या क्रमांकाखाली लिहून ठेवावा.